स्थानकाबाहेरची जागा : जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने वाहनतळाचा विचार

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजमितीस रेल्वेचा एकही रूळ नाही. अशा तालुक्यांच्या संदर्भात उपनगरी रेल्वे स्थानकांवरील वाहनतळांची चर्चा करणे हे घर बांधण्याआधी उंबऱ्याची उंची ठरवण्यासारखे वाटेल. परंतु ज्या गावांनी रेल्वे आल्यानंतर या प्रश्नाचा विचार केला, त्यांच्या वाट्याला काय आले हे ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे कोणत्याही सकाळी पाहता येते. शिवाय स्थानक नसले तरी प्रश्न आपल्याकडे केव्हाच येऊन पोचला आहे. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या पुणे-नाशिक महामार्गावरील थांब्यांवर पहाटेपासून दुचाकी उभ्या राहू लागतात. वाडी-वस्तीवरून निघालेला नोकरदार फाट्यापर्यंत मोटारसायकलवर येतो, ती एखाद्या हॉटेलच्या कडेला किंवा झाडाखाली लावतो आणि चाकणकडे जाणारी कंपनीची गाडी अथवा पुण्याकडे जाणारी एस.टी. पकडतो. संध्याकाळी परत येईपर्यंत त्याची दुचाकी तेथेच असते. लोहमार्गाच्या जागी डांबरी मार्ग आहे, एवढाच फरक. उपनगरी प्रवाशाच्या वाहनतळाचा प्रश्न तो हाच.

रेल्वेचा विषयही केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. पुणे-नाशिक या सुमारे २३५ किलोमीटरच्या निमद्रुतगती लोहमार्गाचा आराखडा महाराष्ट्र शासन आणि रेल्वे मंत्रालय यांच्या संयुक्त कंपनीने, म्हणजे 'महारेल'ने तयार केला. हा मार्ग खेड, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतून जाणार होता आणि त्यासाठी जमिनींच्या मोजण्या सुरू झाल्या होत्या. त्याच्या वाटेत आली ती जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण अंतराळातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निर्माण होणारा रेडिओगोंगाट तिच्या कामात व्यत्यय आणील, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप होता. तो मान्य झाला आणि २०२५ मध्ये केंद्र शासनाने अहिल्यानगर-शिर्डीमार्गे जाणारा, चाकणच्या औद्योगिक परिसराला जोडणारा पर्याय पुढे मांडला. दोन्ही तालुक्यांतील लोकप्रतिनिधींचा आग्रह अर्थातच मूळ मार्गासाठी आहे. निर्णय काहीही होवो, वाहनतळाचा प्रश्न टळत नाही. स्थानक मंचरला आले तर वाहने मंचरला उभी राहतील, चाकणला झाले तर चाकणला. आंबेगावचा प्रवासी दुचाकीवरून आणखी काही किलोमीटर जाईल, एवढेच.

तळ : शब्द आणि कायदा

'वाहनतळ' हा शब्द आपण अलीकडे घडवला, पण 'तळ' जुनाच आहे. पुण्यात हडपसरला गाडीतळ आहे. बाजाराच्या गावी बैलगाड्या सोडायची जागा, बैलांना पाणी पाजायची डोण, झाडाची सावली, हे सारे गावाच्या व्यवस्थेचाच भाग होते. ग्रामपंचायत सदस्यांनी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यातील कर व फी यासंबंधीचे कलम १२४ काढून वाचावे. त्यात आठवडे बाजारावरील फीबरोबर गाडीतळ आणि टांगातळ यांवरील फीचाही उल्लेख आहे. म्हणजे दुसऱ्याच्या गावात येऊन वाहन उभे करणाऱ्याने त्या जागेबद्दल काही द्यावे, ही कल्पना शहरातून आलेली नव्हे. ती आपल्याच कायद्यात बैलगाडीच्या काळापासून आहे. आज चारचाकी फुकट उभी करणे हा हक्क समजला जातो, तेव्हा या जुन्या कलमाची आठवण करून द्यावीशी वाटते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ११७ वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनास किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्यास देते, आणि तो स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून वापरावयाचा असतो. त्याच अधिनियमाचे कलम १२७ सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलवण्याची मुभा देते. रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराची दुचाकी आठ तासांची पाळी आणि दोन्ही वेळचा प्रवास धरून साधारणतः तेवढाच वेळ उभी असते. कायद्याच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर फाट्यावरील निम्म्या गाड्या रोज संध्याकाळी या कलमाच्या उंबरठ्यावर असतात. अर्थात कोणताही शहाणा पोलीस अधिकारी त्या उचलणार नाही. परंतु यावरून एवढे दिसते की, दिवसभर वाहन ठेवणारा प्रवासी रस्त्याच्या कायद्यात बसत नाही. त्याच्यासाठी रस्त्याबाहेर वेगळी जागाच लागते.

१८५८ चे स्थानक, १९७८ ची लोकल

पुणे जिल्ह्यातील उदाहरण आपल्याला जवळचे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये खुला झाला. त्या काळी स्थानकाबाहेर दहा-पाच टांगे उभे राहिले की गरज भागत असे. पुढे १२० वर्षांनी, १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तोवर पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत उभी राहिली होती. स्थानके तीच, त्यांच्यापुढचे आवारही टांग्यांच्या मापाचेच. प्रवासी मात्र रोज जाणारा आणि रोज परतणारा. सायकलींचा काळ होता तोवर हे निभावले. स्कूटर-मोटारसायकली आल्या तेव्हा आवार भरले आणि उरलेली वाहने रस्त्यावर गेली. तेथे कोणाचीही चूक दाखवता येत नाही. रेल्वेने गाडी चालवली, नगरपालिकेने रस्ता केला, कारखान्याने रोजगार दिला, फक्त या तिघांच्या हद्दी जेथे मिळतात त्या दोन-चार गुंठ्यांचा धनी कोणीच नव्हता.

हद्दीचा हा मुद्दा अधिकारी वर्गाने विशेष लक्षात घ्यावा. स्थानकाचे आवार रेल्वेच्या मालकीचे असते आणि तेथील वाहनतळ रेल्वे निविदा काढून ठेकेदारास चालवावयास देते. तिकिटाखेरीजचे उत्पन्न म्हणून ती त्याकडे पाहते. आवाराच्या बाहेर पाऊल टाकले की नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा रस्ता लागतो. आत दिवसाला काही रुपये आणि बाहेर रस्त्यावर फुकट, अशी स्थिती असली तर आतला तळ रिकामा आणि बाहेरचा रस्ता भरलेला, हे दृश्य दिसणारच. दोन्हीकडचे दर आणि नियम एकत्र बसून ठरवल्याशिवाय यावर इलाज नाही.

याच्या उलट उदाहरण नवी मुंबईचे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने शहर आखतानाच स्थानकांच्या जागा आखल्या. मानखुर्द-वाशी हा खाडीवरून जाणारा लोहमार्ग १९९२ मध्ये सुरू झाला. नवी मुंबईतील रेल्वेसाठी खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. पैसा देणारा आणि जमीन देणारा एकच असल्यामुळे स्थानकापुढे बसथांबा, रिक्षातळ आणि वाहनतळ यांच्यासाठी मोकळी आवारे आधीच राखता आली. आज ही आवारेही गर्दीच्या वेळी भरून जातात, हे खरे. वाहनतळाचा स्वभावच तो, जेवढा कराल तेवढा भरतो. परंतु वाशीच्या आवारातून बस बाहेर पडू शकते. जुन्या स्थानकांबाहेर तिला वाट काढावी लागते. ठाण्याला शेवटी स्थानकाच्या पश्चिमेस उंच खांबांवर बसगाड्यांसाठी मजला बांधावा लागला. जमिनीवर जागा उरली नाही की आकाशात जावे लागते आणि आकाशातली जागा जमिनीपेक्षा कितीतरी महाग पडते.

एका एकरात काय मावते

आता थोडे गणित. शिक्षकांना हे सातवी-आठवीच्या वर्गात सहज घेता येईल.

एका मोटारीला उभी राहण्यासाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. पण ती तेथवर पोचायला आणि वळायला मार्गिका हवी. ती धरली की दर मोटारीमागे सुमारे २५ चौरस मीटर होतात. दुचाकीला एक मीटर रुंद, दोन मीटर लांब जागा पुरते, मार्गिकेसह सुमारे तीन चौरस मीटर. सायकलीला त्याच्या निम्मी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा एका एकरात साधारण १६० मोटारी मावतील, किंवा १,३०० दुचाकी, किंवा त्याच्या दुप्पट सायकली.

या १६० मोटारींतून किती माणसे उतरतील? दर मोटारीमागे सरासरी दीड माणूस धरला तर २४०. एस.टी.च्या ४४ आसनांच्या बसने ही माणसे आणावयाची झाल्यास सहा खेपा पुरतात, आणि त्या सहा खेपांना थांब्यावर दोन बसची जागा असली तरी काम भागते. कारण बस माणसे उतरवते आणि निघून जाते. मोटार दिवसभर बसून राहते. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज या धरणांच्या पाण्यावर पिकणारी बागायत जमीन ज्या तालुक्यांत आहे, तेथे हे गणित अधिकच जाचते. द्राक्षाचा, टोमॅटोचा किंवा कांद्याचा एक एकर सपाट करून त्यावर २४० माणसांची वाहने दहा तास उन्हात ठेवायची की नाही, याचा निर्णय ज्याचा तो एकर आहे त्याला विचारून व्हावा, आणि विचारताना हे आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

दुसरा मुद्दा याहूनही महत्त्वाचा वाटतो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगराळ भागात, तसेच जुन्नरच्या आदिवासी गावांत अनेक घरी स्वतःचे वाहनच नाही. तेथील महाविद्यालयात जाणारी मुलगी, दवाखान्यात निघालेली म्हातारी, मजुरीला जाणारे जोडपे यांना वाहनतळाचा काडीमात्र उपयोग नाही. त्यांना घोडेगाव, जुन्नर किंवा मंचरपर्यंत वेळेवर येणारी बस हवी. सार्वजनिक पैशाने मोफत वाहनतळ बांधला तर त्याचा लाभ वाहनधारकालाच मिळतो. तेवढ्याच पैशात सकाळ-संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला जोडणाऱ्या बसफेऱ्या वाढवल्या तर लाभ दोघांनाही मिळतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनतळाचे शुल्क जागेच्या मोलाशी सुसंगत असावे, असे म्हटले आहे ते याच कारणाने. अमेरिकेत डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला आणि 'फुकट' वाहनतळाची किंमत किती मोठी असते यावर २००५ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. वाहन ठेवणारा देत नसेल तर ती किंमत भाडेकरू, ग्राहक, पायी चालणारा असे इतर लोक देतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन.

भीमाशंकरने शिकवलेले

लांब थांबा आणि पुढे बसने जा, ही पद्धत आपल्या लोकांना अपरिचित आहे असे कोणी म्हणेल तर त्याने श्रावणात मंचर-घोडेगाव-डिंभेमार्गे भीमाशंकरला जाऊन यावे. गर्दीच्या दिवसांत खासगी वाहने देवस्थानाच्या काही किलोमीटर अलीकडे थांबवली जातात आणि तेथून एस.टी.च्या लहान बसगाड्या भाविकांना वर नेतात. माथेरानलाही दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. तेथे तळावर वाहन ठेवायचे आणि पुढे अमन लॉजहून छोटी गाडी पकडायची किंवा पायी चालायचे. दोन्ही ठिकाणी हे का जमते? एक, पुढे वाहन नेण्याची सोयच बंद केलेली असते. दोन, तळापासून पुढचे वाहन लगेच मिळते. यांपैकी दुसरी गोष्ट चुकली की लोक पहिली मोडू लागतात. अर्धा तास बसची वाट पाहावी लागली तर भाविकसुद्धा तक्रार करतो, नोकरदाराची तर हजेरी जाते.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. नेदरलँड्समधील उट्रेख्ट स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. जगातील हा सर्वांत मोठा सायकलतळ मानला जातो आणि तेथे पहिले २४ तास शुल्क नाही. सपाट देश, थंड हवा, त्यांना ते जमते, असे आपण चटकन म्हणतो. पण नारायणगाव-वारूळवाडी किंवा मंचर परिसरातील पाच किलोमीटरच्या आतली शाळकरी मुले आजही सायकलीवर येतात. सायकल चोरीस जाणार नाही अशी छपराखालची, कुलूप लावण्याची जागा मिळाली तर मोठी माणसेही येतील. मोटारीसाठी मजले बांधण्याआधी सायकलींसाठी एक पत्र्याचे छप्पर उभारून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

गणती कशी करावी

वाहनतळ किती मोठा असावा, याचे उत्तर मंत्रालयात बसून देता येत नाही. ते फाट्यावर उभे राहूनच मिळते. यासाठी वापरण्यात येणारी पद्धत अगदी साधी आहे आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ती पार पाडू शकतात. सकाळी ६ ते रात्री ८ या वेळेत दर तासाला थांब्याच्या परिसरात उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि वाहनाचा प्रकार वहीत लिहायचा. दिवसाअखेर वह्या जुळवल्या की कोणते वाहन किती तास उभे होते हे कळते. वाहन उभे असते तेथे एक मुलगा व एक मुलगी अशी जोडी ठेवावी, एकाने आकडे वाचावेत आणि दुसऱ्याने लिहावेत. महामार्गाच्या कडेला मात्र मुलांना उभे करू नये, तेथे मोठ्यांनीच जावे.

समजा, एका थांब्यावर १०० दुचाकींची जागा आहे आणि दिवसभरात १२० वेगवेगळे क्रमांक नोंदले गेले. त्यांपैकी ९० दुचाकी प्रत्येकी नऊ तास उभ्या होत्या, ३० केवळ एकेक तास. वाहन-तास झाले ८१० अधिक ३०, म्हणजे ८४०. आता दुकानदारांची तक्रार असते की, गिऱ्हाईकाला गाडी लावायला जागा नाही. आकडे पाहा : आलेल्या वाहनांत गिऱ्हाइकांचा वाटा चौथा हिस्सा, पण वेळेत त्यांचा वाटा केवळ २८ वा. सारी जागा दिवसभराच्या वाहनांनी धरली आहे. अशा ठिकाणी तळ दुप्पट करण्याची गरज नसते. दिवसभराची वाहने दोनशे-तीनशे मीटर मागे नेली आणि दारातील वीस जागा तासाभरासाठी राखल्या की तक्रार बहुतांशी मिटते. दिवसभर वाहन ठेवणाऱ्यास पाच मिनिटे चालणे जड नाही. ओझे घेऊन आलेल्या, औषध घ्यायला आलेल्या, म्हाताऱ्या वडिलांना सोडायला आलेल्या माणसाला ते जड आहे. केवळ सोडायला-आणायला येणाऱ्यांसाठी तर दोन मिनिटांची, चालक जागेवरून न उठता पुढे सरकणारी रांग वेगळीच हवी. आपल्याकडील बहुतेक आराखड्यांत ती विसरली जाते.

गणती दोन दिवस करावी, एक आठवडे बाजाराचा आणि एक साधा. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावची आणि इतर वेळची वर्दळ सारखी नसते, तेव्हा हंगामाची नोंद अवश्य करावी. काळी-पिवळी जीप आणि रिक्षा किती वेळ थांबतात, हेही स्वतंत्र लिहावे. त्यांना हटवणे हा अनेकांना सोपा उपाय वाटतो, पण ज्या गावी बस दिवसातून दोनदाच जाते तेथील माणसाची ती जीवनवाहिनी आहे. त्यांना थांब्याजवळची जागा मोटारींच्या आधी मिळावी, असे माझे मत आहे.

नकाशावरील जागा

बाह्यवळण रस्ते झाल्यावर थांब्याची जागा सरकते, हा अनुभव महामार्गावरील गावांना आहे. बस गावात न शिरता बाहेरून गेली की प्रवासी वळणाच्या तोंडाशी उभे राहतात आणि त्यांच्या मागोमाग दुचाकीही तेथे जमतात. तेथे ना दिवा असतो, ना शेड, ना शौचालय. म्हणून आज जेथे वाहने दिसतात तेथेच तळ बांधून टाकणे घाईचे ठरू शकते. आधी एस.टी. महामंडळाशी बोलून गाड्या कोठे थांबणार हे पक्के करावे. ग्रामपंचायतीला अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे हटवण्याचा अधिकार आहे. पर्यायी जागा दाखवून तो वापरला तर लोक ऐकतात, एरवी वाद होतात.

कायम स्वरूपाची जागा राखावयाची तर ती विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत दाखवावी लागते. जुन्नरला नगरपरिषद आहे, मंचरला आता नगरपंचायत आहे, नारायणगावचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे, तेव्हा प्रत्येक ठिकाणी मार्ग थोडा वेगळा राहील. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ नुसार आराखड्यात राखून ठेवलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. (वाहन हलवण्याचे कलमही १२७ आणि आरक्षण उठण्याचेही १२७, हा योगायोग कारकुनांच्या स्मरणास उपयोगी पडावा.) आपल्या राज्यात अनेक वाहनतळांची आरक्षणे याच वाटेने गेली आहेत. जमीनधारकाच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद न्याय्य आहे. दहा वर्षे त्याला ना बांधता येते, ना धड विकता येते. म्हणून मोठा आकडा नकाशावर टाकून ठेवण्यापेक्षा गणतीतून निघालेली लहान जागा, पैशाची तरतूद दाखवून, मागणे अधिक टिकाऊ ठरते.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी कायद्याने तीस दिवस मिळतात. तेवढ्या अवधीत गणती करणे जमत नाही. विद्यार्थ्यांच्या वह्या शाळेच्या कपाटात आधीच असल्या, त्यांवर तारीख, वार, हवामान आणि गणती करणाऱ्यांची नावे असली, आणि तिची एक प्रत ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडलेली असली, म्हणजे सरपंचांना नगररचना कार्यालयात रिकाम्या हाताने जावे लागणार नाही.